माशांचा जार

“सुनेपेक्षा ते मासे बरे गं सरजाबाई, आवाज न्हाई तरी तोंड तर उघडतेत” — असं म्हणाल्या आमच्या आत्याबाई, परवा, मागच्या दारात, शेजारच्या सरजाबाईंना — आणि मी इथं, या काचेच्या टाकीमागं, फडकं घेऊन उभी. मध्ये हा एवढा पडदा. आता सासूनं म्हणायचं आणि सुनेनं ऐकायचं, त्यात नवीन काही नाही, पण ते मला ऐकवायला म्हटलेलं नव्हतं ना, म्हणून जास्त लागलं — लागलं म्हणजे काय, आधी हसू आलं, मग लागलं. म्हणून म्हणते काका, पाण्याचं मशीन घेऊन आलात ते ठीक, पण तुम्ही आत्ता जे मोठ्यानं म्हणालात, “ताई, तुम्ही कायच कसं बोलत न्हाईत”, ते जरा हळू म्हणा. बोलते की मी. पण बोलायला समोर फुरसतीचा माणूस लागतो. या घरात सगळेच बोलतात, ऐकायला कुणीतरी पाहिजे म्हणून मला आणलंय, असं मी धरून चालले होते — तर आता तेही चालेना.

काय झालं? पेन कशात बुडवलंत? या निळ्या जारमध्ये? अहो, तो कशाला — तो माशांचा जार आहे, प्लँटवरचं शुद्ध पाणी, त्यात काय तपासायचं — किती दाखवतंय? नऊशे साठ? — हळू! आकडा वाचायचा नाही मोठ्यानं. बसा. बसा आधी त्या खुर्चीवर. मला ठाऊक आहे हे पेन काय मोजतं ते, पाण्यात क्षार किती विरघळलेत ते मोजतं, मी बी.एस्सी. आहे, केमिस्ट्री घेऊन, नांदेडला राहून केलं — घरात कुणाला ठाऊक नाही म्हणजे, बायोडाट्यात लिहिलं होतं, पण बायोडाटा उंची बघेपर्यंतच वाचतात. जारचं पाणी चाळीस-पन्नास दाखवतं आणि हे नऊशे साठ कसं, हेच विचारायचंय ना तुम्हाला? विचारा की. पेन बिघडलंय असं समजता नाही यायचं का? — पेटीत दुसरं आहे? राहू द्या ते पेटीतच. नका काढू.

सांगते. थांबा, कोण कुठं आहे ते बघू द्या. आमचे हे गच्चीवर गेलेत टेप घेऊन, तुम्हीच पाठवलंत ना, सिमेंटची टाकी नळापासून किती उंच ते मोजून आणा म्हणून — ते दोनदा मोजतील, मास्तर आहेत, भूगोलाचे. मामा, म्हणजे माझे सासरे, ओसरीवर आहेत, ते ऐकू येतंय बघा, “जिल्हा झाल्याबिगर पाणी न्हाई, लिहून घ्या गुंडप्पा” — ती उदगीर जिल्हा कृती समिती आहे. म्हणजे मामा अध्यक्ष आणि गुंडप्पा बाकीचे सगळे. लातूरला रेल्वेनं पाणी आलं तेव्हापासून मामांना झोप नाही. स्टेशन आपल्याकडं आहे, रूळ आपल्याकडं आहेत, तहान आपल्याकडं आहे — फक्त जिल्हा नाही म्हणून गाडी तिकडं थांबली, असं त्यांचं म्हणणं. आणि आत्याबाई सरजाबाईंबरोबर मागं चिंचा फोडून राहिल्यात. चिंचेला पाणी लागत नाही, म्हणून यंदा गल्लीत सगळ्यांच्या चिंचाच फोडून होऊन राहिल्यात.

तर ही टाकी. तुम्ही आल्या आल्या म्हणालात ना, “उदगिरात समुद्राचे मासे म्हणजे कमाल हाय” — कमाल कसली, गैरसमज आहे तो. हळू सांगते. लग्नानंतर आम्ही मालवणला गेलो. मी इस्लापूरची, काका — सहस्रकुंडाच्या धबधब्यापासून जवळ, पाण्याचा आवाज ऐकत वाढलेली, पण बस लागते मला. इथून मालवण म्हणजे रात्रभराची बस आणि घाट. उतरलो तेव्हा मी हिरवी पडले होते. हॉटेलात शिरल्या शिरल्या अशीच एक टाकी होती, गार काच, मी तिला कपाळ लावून उभी राहिले. अर्धा तास. तोंड उघडलं असतं तर — कळलं ना. हे मागून आले, म्हणाले, “आवडले का गं?” मी मान हलवली. काय करणार, मान हलवली की जरा दाबलं जातं. आणि यांना वाटलं, बायकोला मासे एवढे आवडले की बोलताच येईना. तिथून आल्यावर दोन महिने काहीच म्हणाले नाहीत, आणि शिवरात्रीच्या आदल्या दिवशी हैद्राबादहून ही टाकी, हे दिवे, ही मोटार, पुड्यातलं समुद्राचं मीठ आणि पिशवीत फुगवलेले चार मासे. चेहरा कसा होता सांगू — बारावीचा निकाल लागल्यावर पोरांचा असतो तसा. मला म्हणाले, “तुझ्यासाठी समुद्र आणलाय.” आता या माणसाला मी काय सांगायचं होतं, की अहो, मला उलटी येत होती?

हसू नका. — हसा, पण हळू. आणि हे त्यांना सांगायचं नाही बरं. बाकी सगळं एकवेळ कळलं तरी चालेल, तेवढं नाही. आता तर मला मासे आवडायलाही लागलेत, त्यामुळे तो तसा खोटेपणाही राहिला नाही.

आत्याबाई काय म्हणाल्या? पहिल्या दिवशी, “लिंगायताच्या घरात मासळी? अय्यो, लोक काय म्हणतील?” मामा म्हणाले, “खायला न्हाई गुरम्मा, बघायला.” त्या म्हणाल्या, “आजवर खायचे लोक बघितले, बघायचे आत्ताच बघते.” मठाचे स्वामी आले तेव्हा टाकीवर माझा शालू झाकला होता. स्वामींनी दोनदा विचारलं, “त्या शालूखाली काय बुडबुडतंय?” मामा म्हणाले, “कूलर हाय.” आणि मीठ बघून आत्याबाई म्हणाल्या, “मीठ बी विकत, पाणी बी विकत, मंग त्याला समुद्र कशापायी म्हणायचं?” — हे मात्र बराबर होतं. पण महिन्याभरात मामांनी माशांना नावं ठेवली. नवीन जिल्ह्यात जे तालुके यायचे ते. हा मोठा पट्ट्यांचा, देवणी. ही त्याच्यामागं मागं फिरते ती अहमदपूर. तो दगडामागून डोकं काढतो आणि पुन्हा आत जातो, दिसला? शिरूर अनंतपाळ. येतो की नाही येत अजून ठरलं नाही त्याचं. आणि चौथा निळा होता, जळकोट. तो गेला. मागच्या सोमवारी.

तो गेला म्हणूनच तुम्ही इथं आहात काका. आणि तो का गेला, ते तुमच्या पेनानं आत्ता सांगितलं.

नाही, प्लँटवाल्यानं नाही फसवलं. त्या बिचाऱ्याच्या नावावर नका घालू. जार चांगलाच येतो, सोमवारी एक, सील लावलेला. टाकीतलं पाणी उन्हानं, दिव्यानं उडून जातं, मीठ मागं राहतं, म्हणून वरून रोज साधं शुद्ध पाणी घालायचं — दोन तांबे, कधी तीन — हे यांनी मला वहीत लिहून दिलंय, शाळेत फळ्यावर लिहितात तसं, क्रमांक घालून. काम माझं. विश्वासानं दिलेलं काम. बरं, आता दुसरीकडून ऐका. आत्याबाईंना मुतखडा आहे. थंडीत एकदा असं दुखलं, की भिंतीला धरून उभ्या होत्या आणि तोंडातून आवाज नाही — तेव्हा मला कळलं, की न बोलणं आमच्या घरात माझ्या एकटीचंच नाही. डॉक्टर म्हणाले, बोअरचं जड पाणी बंद, स्वच्छ पाणी भरपूर प्या. यांनी जार आणला. तर आत्याबाईंनी हातही लावला नाही. का? तर विकतचं पाणी पिणार नाही. देवणीजवळ त्यांच्या वडिलांची विहीर होती म्हणे, सगळं गाव भरायचं, वडिलांनी कुणाला कधी अडवलं नाही, पोहरा सगळ्यांसाठी बांधून ठेवलेला. ज्यांच्या दारात गावानं पाणी भरलं, त्यांच्या लेकीनं बाटलीतलं पाणी विकत घेऊन प्यायचं? “मरीन, पण विकतच्या पाण्यानं जगणार न्हाई” — गल्लीतल्या सगळ्या बायकांसमोर म्हणाल्या. आता असं सगळ्यांसमोर बोलून गेलं, की माणसाला परत येता येत नाही हो. मी बघत होते ना. बोलून झाल्यावर त्यांनी जारकडं एकदा बघितलं होतं. एकदाच. तहानेनं.

म्हणजे झालं असं — घरात एक शुद्ध पाण्याचा जार, तो माशांना. आणि टँकरचं पिवळं पाणी, त्यात तुरटी फिरवायची, फडक्यानं गाळायचं, ते आत्याबाईंना. हे कसं वाटतं सांगा तुम्ही. मासे दिसायला छान आहेत, पण मुतखडा माशांना नव्हता.

मी काही ठरवून नाही केलं. एक दिवस पहाटे उठले, टँकरचं पाणी उकळून गार केलं, आणि हात आपोआप उलटा चालला बघा. जार आत्याबाईंच्या तांब्याच्या घागरीत ओतला आणि उकळलेलं टँकरचं जारमध्ये. झाकण लावलं. कुणी बघितलं नाही. मला वाटलं, उकळलं की जडपणा बराच खाली बसतो, क्लोरीन उडतं, आणि माशांना तर वरून मीठच घालायचंय, खारटातच राहणार आहेत ते, थोडे क्षार जास्त झाले तर त्यांना काय कळतंय — बी.एस्सी. सेकंड क्लासची अक्कल. फर्स्ट क्लास असते तर जळकोट वाचला असता.

आणि आत्याबाई? दुसऱ्याच दिवशी तांब्या तोंडाला लावला आणि थांबल्या. पुन्हा लावला. म्हणाल्या, “आज टँकर कुठून आला गं? गोड हाय पानी.” मी काय म्हणणार? मान हलवली. माझी मान हीच माझी दुश्मन आहे. मग रोज गोड. मग दुखणं कमी. आता दोन महिने झाले, एकदाही भिंत धरली नाही. टँकरवाल्याच्या विहिरीचं पाणी आतून गोड होत चाललंय, जमीन बदलतेय, असं त्या म्हणतात. मामा म्हणतात, जिल्हा व्हायची चिन्हं आहेत. गल्लीत बोभाटा झाला — गुरम्माच्या घागरीतलं पाणी चाखून बघा. दुपारी बायका यायच्या, अर्धं फुलपात्र, अर्धं फुलपात्र, आणि मी आत उभी राहून मोजायची, की जार गुरुवारीच संपणार. मग मी टँकरवाल्याला — नको, ते जाऊ द्या, त्याला मी हातच जोडले, की बाबा, कुणी विचारलं तर तुझी विहीर गोड आहे असं सांग. तो म्हणाला, “वहिनी, माझ्याकडं विहीरच न्हाई, मी तलावातून भरतो.”

तुम्ही हसून राहिलात आणि मी घाबरून राहिले, काका. कारण पुढचं ऐका. दर आठवड्याला टाकीची काच हिरवी होऊ लागली. मी पुसते, पुन्हा हिरवी. अहमदपूर सुस्त. जळकोट एका बाजूला कलून पोहायला लागला. मग सोमवारी सकाळी — यांनी त्याला तळहातावर घेतलं आणि नुसते उभे राहिले. शाळेला उशिरा गेले त्या दिवशी, चौदा वर्षांत पहिल्यांदा. आणि आत्याबाई! ज्या शालू झाकत होत्या त्याच आत्याबाई — त्यांनी तुळशीशेजारी कुंडी उकरली. आमच्यात जाळत नाहीत, पुरतात, आणि तेही बसवून. आता मासा बसवायचा कसा? मामा म्हणाले, “आडवा ठेवा.” त्या म्हणाल्या, “आडवा कसा, आपल्या घरचा हाय.” शेवटी दोन बाजूंनी माती लावून उभा केला आणि वर विभूती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तर त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, म्हणाल्या, “रडू नको, तुझा लई जीव होता.” काका, त्या क्षणी मी सांगायला पाहिजे होतं. तोंड उघडलंही होतं. पण डोक्यावर हात होता ना.

आणि त्याच संध्याकाळी हे फोनवर वाचत बसले. समुद्राच्या टाकीला जारचं पाणी पुरत नाही, घरचं मशीन पाहिजे, पाणी गाळायचा अमुक पडदा, उरलेले क्षार धरणारी तमुक राळ, शून्य क्षार. “पाणीच चुकलं आपलं” असं म्हणून राहिले होते — माझ्यावर नाही, स्वतःवर. म्हणजे मी चोरी केली आणि दंड पाण्याला.

आता तुमचे हे कागद, यांनी आधीच मागवून घेतलेले. सगळे वाचलेत मी, रात्री नाही, दुपारी, तुम्ही यायच्या आधी. यांना वाटतं मी रंगीत चित्रं बघत होते. हे पहिलं, स्वयंपाकघरातलं साधं मशीन — हे चालत नाही, यात पाणी चवीला चांगलं लागावं म्हणून शेवटी परत क्षार सोडतात, माशांना तेच नको. हे तिसरं, वाफ करून थेंब थेंब गाळायचं — याला वीज किती लागेल, आणि आपल्याकडं दुपारी वीज असते कुठं. राहिलं हे मधलं, तुम्ही म्हणता तेच, पडदा आणि त्याच्यापुढं राळेची नळी — हे बरोबर आहे, शून्य काढेल, मीही हेच घेतलं असतं — सहस्रकुंडाखाली घर असतं तर. पण इथं, मागच्या पानावर, बारीक अक्षरांत लिहिलंय ते तुम्ही यांना वाचून दाखवलं नाहीत. एक बादली शुद्ध पाण्याला तीन बादल्या बाहेर. खोटं का? — नाही ना. आमच्या पाण्यावर चारही जातील. बरोबर?

आमच्याकडं चार दिवसांनी दोन ड्रम येतात, काका. आम्ही बाजेवर बसून अंघोळ करतो, खाली घमेलं, घमेल्यातल्या पाण्यानं फरशी, फरशीच्या पाण्यानं संडास. मामा दाढी एक दिवसाआड करतात, समितीचे अध्यक्ष असून. त्यात तीन बादल्या नळीतून मोरीत? — भांड्यांना वापरा म्हणता? ते पाणी दुप्पट जड होऊन बाहेर पडतं, त्यात साबणाला फेस नाही यायचा, भांडी पांढरी पडतील. आणि नळी कुठं सोडायची, तर मागं. मागं सरजाबाईंचं दार. त्या रोज त्यांच्या घरून दोन घागरींसाठी चौकापर्यंत जातात. त्यांनी बघायचं — आमच्या माशांचं उष्टं पाणी वाहताना?

तर आता तुम्ही म्हणाल, मग सांगून टाका ना यांना, मासा पाण्यानं नाही मेला, जारची अदलाबदल झाली, मशीन नको. तेच तर. सांगितलं, की एका वाक्यात दोन माणसं जातात. यांचा मासा मी मारला — माझ्यासाठीच आणलेला. आणि आत्याबाईंचा शब्द — दोन महिने गल्लीला पाजत आलेलं गोड पाणी विकतचं होतं, आणि तेही माशाच्या वाटचं. त्या पुन्हा घागर पालथी घालतील, टँकरचं पितील, पुन्हा भिंत धरतील. आणि नाही सांगितलं, तर हे मशीन बसेल, आणि मी मान हलवत उभी.

काय? — तुम्ही सांगता त्यांना, की गच्चीवरच्या टाकीचा दाब पुरत नाही, मशीन इथं चालणार नाही? अहो काका, तुमचा धंदा आहे ना हा. उदगीरपर्यंत गाडीवर आलात, उन्हाचं, दोन पेट्या बांधून. तुमच्या खिशावर शेषेराव लिहिलंय आणि मी मघापासून तुमचं दुकान बुडवून राहिलेय — आणि तुम्ही माझ्यासाठी खोटं बोलायला तयार? … नाही. नको. नको म्हणते ना. तुम्ही पंधरा वर्षं हेच काम करता, तुमचं ऐकतील हे, हो म्हणतील, आणि मग जूनमध्ये स्वतः हैद्राबादला जाऊन जास्त दाबाची मोटार घेऊन येतील. आमच्या यांना दाब पुरत नाही म्हटलं, की मोटार आठवते. शिवाय एक सांगू का — तुमच्या खोटेपणाचंही ओझं मलाच. आधीच माझ्याकडं घागर आहे, टँकरवाला आहे, जळकोट आहे.

उठू नका, आत्याबाई आल्या.

— बघितलंत? तुमच्यासाठी फुलपात्र. “घ्या भाऊ, आमच्या घरचं पानी.” घ्या. प्या. पेन खिशात ठेवा आधी — हो, प्या. गोड आहे ना? म्हणा गोड आहे. … गेल्या नाहीत त्या, दारातच बसल्या, आणि सरजाबाईही. मामांना पण हाक मारली, म्हणे मशीन कसं असतं ते बघू. आता गुंडप्पापण येणार. म्हणजे सगळा जिल्हा आला. मी पदर सारखा करते आणि गप्प होते, काका, तुम्ही मशीनचंच काहीतरी बोलत राहा.

हे उतरले. चौदा फूट म्हणतात. दोनदा मोजलं म्हणतात — मी म्हटलं नव्हतं? “मग आज लावूनच टाका” म्हणतात. मामा विचारून राहिलेत, तीन बादल्या वाया म्हणजे काय — म्हणजे हे स्वतःच सांगून राहिलेत! वाचलं होतं त्यांनीही ते बारीक अक्षर. मला वाटलं मी एकटीच वाचते. आणि आता — ऐकलंत, आत्याबाई यांना काय म्हणाल्या ते? ऐकलंत ना काका? “बसव रे पंचाक्षरी. पान्याचं मी बघते. मी दोन तांबे कमी पीत जाईन. तिचा जीव हाय त्या माशात.”

दोन तांबे.

काका, पेटी उचला तुमची. हो, आत्ताच. कागद राहू द्या, ते मला आवडले. चहाला थांबू नका, तुमच्या समोर नको —

आत्याबाई. आत्याबाई, एक घोटसुद्धा कमी प्यायचा नाही. ते पाणी टँकरचं नाही, माशांच्या जारचं आहे, विकतचं आहे, दोन महिने पहाटे मीच तुमच्या घागरीत ओततेय, आणि टँकरचं पाणी माशांना घालतेय. अहो, इकडं बघा — जळकोट माझ्या हातानं मेला. तुमचं पाणी चुकलं नव्हतं. हे मशीन बसणार नाही. येत्या सोमवारपासून दोन जार येतील, एक माशांचा आणि एक आत्याबाईंचा, आणि आत्याबाई, तुमचा तुम्ही प्यायचा — इथं, ओसरीवर बसून, सरजाबाईंसमोर.